'तुम्ही'पासून 'तू'पर्यंत : मराठी प्रणयकादंबरी आणि तिचे परीक्षण

मराठी नियतकालिकांतून प्रसिद्ध होणाऱ्या कादंबरी-परीक्षणांत एक वाक्य हमखास आढळते : 'भाषा ओघवती आहे.' कधी 'ओघवती'च्या जागी 'प्रासादिक' येते, कधी 'चित्रदर्शी', आणि कथा खेड्यात घडत असल्यास 'मातीचा गंध असलेली'. हे वाक्य बहुधा परीक्षणाच्या अखेरच्या परिच्छेदात, मुखपृष्ठ व मुद्रणदोष यांच्या उल्लेखाच्या किंचित आधी येते. तत्पूर्वी कथानकाचा सारांश सांगून झालेला असतो, पात्रांच्या स्वभावांची नोंद झालेली असते आणि कादंबरीने कोणता सामाजिक प्रश्न हाताळला याचा निवाडाही झालेला असतो. भाषेविषयी मग सांगण्यासारखे काही उरत नाही असे समजून परीक्षक ते एक वाक्य लिहितो. ते लिहिल्याने कोणाचे काही बिघडत नाही, आणि कोणाला काही कळतही नाही.

प्रणयप्रधान कादंबरीच्या वाट्याला एवढेही येत नाही. तिचे परीक्षण बहुधा होतच नाही; झालेच तर 'प्रवासात वाचण्यास बरी' अशा स्वराचे असते. परीक्षक तिच्यात सामाजिक आशय शोधतो, तो पुरेसा सापडला नाही म्हणजे तिला 'रंजनवादी' या कप्प्यात टाकतो, आणि सापडला तर 'ही केवळ प्रेमकथा नाही' असे प्रमाणपत्र देतो. त्या 'केवळ' या अव्ययात पूर्वग्रहाचे सारे ओझे साठलेले आहे. प्रेमकथा चांगली असावयाची तर तिने प्रेमकथेपेक्षा दुसरे काहीतरी असले पाहिजे, असा त्याचा अर्थ होतो. अशा रीतीने परीक्षण करणाऱ्याला प्रेमकथा प्रेमकथा म्हणून कोठे साधली आणि कोठे फसली हे सांगण्याची गरज पडत नाही. ती गरज का आहे, आणि ती भागविण्याचे साधन मराठीच्या व्याकरणातच कसे पडून आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

वस्तुतः मराठीने या वाङ्मयप्रकाराला जे नाव दिले तेच एका प्रणयकथेचे नाव आहे. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या गद्यकाव्याचे आणि त्यातील नायिकेचे 'कादंबरी' हे विशेषनाम मराठीत व कन्नडमध्ये सामान्यनाम होऊन बसले. हिंदी व बंगाली या भाषांनी 'उपन्यास' हा शब्द पत्करला, गुजरातीने 'नवलकथा' हा. म्हणजे मराठी वाचक कोणतीही कादंबरी हाती घेतो तेव्हा, ती शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणावरील का असेना, एका गंधर्वकन्येचे नाव उच्चारूनच घेतो. पुढील इतिहासात मात्र या नावाला साजेशी वागणूक त्या जातीच्या ग्रंथांना मिळाली नाही. बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' १८५७ साली निघाली. तिचा विषय विधवांची दुःस्थिती हा होता. चारच वर्षांनी, १८६१ साली, लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' आली आणि अद्भुत प्रसंगांतून वाट काढणाऱ्या प्रेमी जनांच्या कथांना तिने दार उघडून दिले. रा. भि. गुंजीकरांच्या 'मोचनगड'ने १८७१ मध्ये ऐतिहासिक कादंबरीचा पाया घातला. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती या तीन ग्रंथांवरून दाखविल्या, आणि त्यांचा कौल पहिलीकडे पडला हे सर्वश्रुत आहे. त्या मांडणीचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु तिचा परिणाम असा झाला की 'मुक्तामाले'च्या वंशजांकडे विद्यापीठांनी जवळजवळ पाठ फिरविली. एखाद्या प्रवृत्तीचे मूल्य कमी मानणे वेगळे आणि त्या प्रवृत्तीतील बरे-वाईट निवडण्याचेच सोडून देणे वेगळे.

नेमाड्यांच्या पूर्वी फडके आणि खांडेकर यांच्या नावाने गाजलेल्या 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' या वादानेही या बाबतीत फारसे साहाय्य केले नाही. तो वाद हेतूंचा होता. कादंबरीकाराने कशासाठी लिहावे यावर दोन्ही पक्षांनी पुष्कळ शाई खर्च केली. त्याने वाक्य कसे लिहिले याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. ना. सी. फडके यांनी 'प्रतिभासाधन' (१९३१) या ग्रंथात तंत्राचा ऊहापोह केला खरा, पण ते तंत्र मुख्यतः कथानकाच्या रचनेचे आहे : आरंभ कसा करावा, गुंतागुंत कशी वाढवावी, शेवट कसा साधावा. नायक नायिकेला काय म्हणतो हे त्यात येते. कोणत्या सर्वनामाने म्हणतो हे येत नाही.

परीक्षकांनी जे काम टाकले ते कोणालातरी करावेच लागते, आणि एकदा ते न्यायालयाला करावे लागले. चंद्रकांत काकोडकर हे प्रणयकथांचे अतिशय लोकप्रिय लेखक. 'दो रास्ते' हा १९६९ सालचा हिंदी चित्रपट त्यांच्याच 'नीलांबरी' या कादंबरीवर आधारलेला होता. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आलेल्या त्यांच्या 'शामा' या कथेवर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. खालच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले, उच्च न्यायालयाने दोषी ठरविले आणि अखेर १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. कथेचा विचार समग्रपणे झाला पाहिजे आणि आक्षिप्त उतारे त्या संदर्भात तपासले पाहिजेत, असे तत्त्व न्यायालयाने त्या निकालात अवलंबिले. कथेचा वाङ्मयीन दर्जा फार उंच नसेल, असेही सूचित केले. अश्लीलतेच्या कायद्याच्या इतिहासात हा निकाल वारंवार उल्लेखिला जातो. मराठी समीक्षेच्या इतिहासात त्याचा उल्लेख क्वचितच होतो, आणि तो व्हावयास हवा. कारण ज्या कथेवर मराठीतील तज्ज्ञांनी दोन पाने लिहिली असती तरी पुरे होते, तिचे पहिले काळजीपूर्वक वाचन न्यायाधीशांना करावे लागले. त्यांना जो प्रश्न विचारण्यात आला होता तो एवढाच होता की ही कथा वाचकाला बिघडवते काय. ती प्रेमकथा म्हणून खरी आहे काय, हा प्रश्न विचारणे त्यांचे काम नव्हते. ज्यांचे होते त्यांनी तो विचारला नाही.

आता त्या प्रश्नाकडे वळता येईल. प्रेमकथेत घटना थोड्या असतात. दोन माणसे भेटतात, जवळ येतात, दुरावतात, पुन्हा भेटतात किंवा भेटत नाहीत. कथानकाच्या सारांशात सर्व प्रेमकथा सारख्या दिसतात याचे कारण हेच, आणि 'तोच तो विषय' ही परीक्षकांची नित्याची तक्रारही त्यातूनच जन्मते. जे खरोखर घडते ते बोलण्यात घडते. एकाने दुसऱ्याला आजवर ज्या रीतीने संबोधिले त्या रीतीने यापुढे संबोधिता येणार नाही, असा एक क्षण येतो. मराठीसारख्या भाषेत हा क्षण व्याकरणात नोंदला जातो. लेखकाच्या मनात असो वा नसो, त्याला तो नोंदवावाच लागतो.

मराठीत द्वितीय पुरुषाची 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' अशी तीन रूपे आहेत. रॉजर ब्राउन व आल्बर्ट गिलमन यांनी १९६० साली युरोपीय भाषांतील अशा सर्वनामांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यांच्या वापरामागे सत्ता व सख्य अशी दोन तत्त्वे दाखविली. सत्ता असली म्हणजे वापर एकतर्फी होतो : वरचा खालच्याला एका रूपाने बोलावतो आणि त्याच्याकडून दुसरे रूप स्वीकारतो. सख्य असले म्हणजे वापर परस्पर होतो. मराठी संसाराची पारंपरिक रीत यांपैकी पहिलीच होती. पती पत्नीला 'अगं' म्हणून हाक मारी व 'तू' म्हणे. पत्नी 'अहो' म्हणे व 'तुम्ही' म्हणे, आणि त्याचे नाव तर घेतच नसे. (नाव घ्यावयाचे ते उखाण्यात, म्हणजे पद्याच्या आडोशाने आणि चारचौघांच्या आग्रहावरून. ज्या समाजात नाव घेणे हाच एक सोहळा होता, त्यात सर्वनामाचे वजन किती असेल याची कल्पना यावरून यावी.)

परंतु ब्राउन व गिलमन यांच्या चौकटीत न मावणारी एक गोष्ट मराठीत आहे आणि प्रणयकादंबरीच्या दृष्टीने तीच सर्वांत मोलाची आहे. 'तुम्ही येता' या वाक्यात ऐकणारा पुरुष आहे की स्त्री हे कळत नाही. 'तू येतोस', 'तू येतेस' यांत कळते. भूतकाळातही तेच : 'तुम्ही गेलात' हे दोघांनाही चालते, 'गेलास' आणि 'गेलीस' मात्र वेगळे होतात. हिंदीत असे होत नाही. तेथे 'आप जाते हैं' आणि 'आप जाती हैं' हा भेद आदरार्थी रूपातही टिकून राहतो. मराठीचे आदरार्थी क्रियापद आदराबरोबरच ऐकणाऱ्याच्या लिंगावर एक पडदा ओढते. विशेषणांच्या बाबतीत तो पडदा बाजूला होतो, हे खरे. 'तुम्ही दमलेले दिसता' आणि 'दमलेल्या दिसता' यांत फरक आहेच. तथापि वाक्याचा कणा जे क्रियापद, त्यात तो कायम असतो. म्हणून मराठी प्रेमिक 'तुम्ही' सोडून 'तू'वर येतात तेव्हा एकाच वेळी दोन गोष्टी घडतात : आदर उतरतो आणि समोरचे माणूस पुरुष किंवा स्त्री म्हणून प्रथमच क्रियापदात उभे राहते. इतर भाषांतील कादंबरीकाराला ज्यासाठी एखादा प्रसंग रचावा लागेल ते मराठी लेखकाला एका प्रत्ययात मिळते. हा प्रत्यय कोठे, कोणाच्या तोंडी आणि किती पानांच्या प्रतीक्षेनंतर आला, हे पाहिल्याशिवाय प्रणयकादंबरीचे परीक्षण पुरे होत नाही.

याच दृष्टीने प्रेमाच्या कबुलीचे वाक्यही तपासता येते. 'मला तू आवडतोस' असे म्हणणारी व्यक्ती स्वतः 'मला' या रूपात मागे सरते. क्रियापद प्रिय व्यक्तीच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. बोलणाऱ्याचे लिंग त्यात उमटत नाही. 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' या वाक्यात दोघांचेही उमटत नाही. प्रेम हीच एक स्वतंत्र वस्तू असून ती दोघांच्या मध्ये ठेवलेली आहे असा त्याचा घाट आहे. 'जीव जडला', 'प्रेम बसलं' हे जुने प्रयोग याच कुळातले. त्यांत प्रेम आपण होऊन येते, माणूस ते करीत नाही. उलट 'मी तुझ्यावर प्रेम करतो' किंवा 'करते' यात बोलणारा कर्ता होऊन पुढे येतो आणि प्रेम ही त्याची कृती ठरते. या वाक्यावर इंग्रजी वळणाची छाया आहे यात शंका नाही, परंतु तेवढ्यावरून ते त्याज्य ठरत नाही. ज्या नायिकेला आजवर काही 'करण्या'ची मुभा नव्हती तिने 'मी प्रेम करते' असे कर्तरी प्रयोगात म्हणणे हा कथेतील सर्वांत मोठा प्रसंग असू शकतो. मात्र कादंबरीतील सर्वच पात्रे उठता-बसता तसे म्हणू लागली तर त्या प्रयोगाची धार बोथट होते, आणि ही बोथट धार आजच्या प्रणयकथांत फार दिसते.

नव्या कथांतील पात्रे 'आय लव्ह यू' असे सरळ इंग्रजीत म्हणतात यावर परीक्षक नाक मुरडतात. त्यामागे केवळ शहरी हौस नाही. इंग्रजीतील 'यू'ला 'तू' आणि 'तुम्ही' यांत निवड करावी लागत नाही, आणि क्रियापद कोणाचेच लिंग सांगत नाही. संकोची माणसाला ही मोठी सोय आहे. जो प्रश्न मराठीत टाळता येत नाही तो परभाषेत टाळता येतो. चांगला लेखक ही पळवाट पात्राची म्हणून दाखवितो. सामान्य लेखक ती स्वतःच वापरतो.

या कसोटीवर काही ग्रंथ लावून पाहणे उचित होईल. फडके १९२६ पासून कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात प्राध्यापक होते आणि खांडेकर १९३८ नंतर कोल्हापुरातच स्थायिक झाले. त्या परिसरातील बोलीत स्त्रियाही 'मी येतो', 'मी आलो' असे म्हणतात, हे सर्वांना ठाऊक आहे. या दोन थोर कादंबरीकारांच्या नायिका मात्र शुद्ध प्रमाण मराठीत 'येते' आणि 'आले' म्हणतात. त्यांचा वाचकवर्ग लक्षात घेता हे स्वाभाविक होते. परंतु नायिकेच्या तोंडचा एक आकर्षक संभव त्यामुळे हुकला असे म्हणावेसे वाटते. 'मी येतो' म्हणणारी मुलगी प्रेमात पडल्यावर कशी बोलेल, हा प्रश्न मराठी प्रणयकादंबरीने फारसा विचारलेलाच नाही. खांडेकरांच्या 'ययाति'त (१९५९) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिघे आळीपाळीने प्रथमपुरुषी निवेदन करतात. योजना मोठी होती. प्रत्यक्षात तिघांच्या वाक्यांची घडण एकाच हाताची आहे. उपमा त्याच, चिंतनाचा सूरही तोच. शीर्षके झाकली तर वक्ता ओळखण्यासाठी वाचकाला क्रियापदाच्या प्रत्ययाचा आधार घ्यावा लागतो, आणि देवयानी व शर्मिष्ठा यांच्यात तोही आधार तुटतो. ज्ञानपीठ पुरस्काराने गौरविलेल्या या ग्रंथावर विपुल लेखन झाले आहे. त्यातील बहुतेक भोगवाद आणि संयम यांविषयी आहे.

याच्या उलट टोकाला मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४) ठेवता येईल. आणीबाणीच्या काळातील नववीच्या वर्गाची ही कथा. निवेदक मुकुंद जोशी ज्या मुलीत गुंतला आहे तिला तो कादंबरीभर आडनावाने ओळखतो : शिरोडकर. आडनावाला लिंग नसते. ते वर्गातील हजेरीपटाचे नाव, सर्वांना सारखे. पण 'शिरोडकर आली' असे म्हणताच हजेरीपटावरच्या त्या कोरड्या शब्दाला स्त्रीलिंगी क्रियापद जोडले जाते आणि एवढ्या जोडणीत त्या वयाची सारी धांदल सामावते. मुलीचे पहिले नाव घेण्याची सलगी नाही, 'तुम्ही' म्हणण्याइतके प्रौढत्व नाही, बहीण-ताई असे नाते लावावयाचे तर मुळीच नाही. या तिन्ही वाटा बंद झाल्यावर जी चौथी उरते ती शाळेतील मुलांनी शोधून काढली होती आणि बोकिलांनी ती कादंबरीच्या केंद्रस्थानी आणली. या कादंबरीचे कौतुक पुष्कळ झाले. परंतु 'किशोरवयाचे हळुवार चित्रण' या शब्दांत जे म्हटले गेले ते प्रत्यक्षात व्याकरणाच्या या बारीक जागेवर उभे आहे.

सुहास शिरवळकर यांच्या 'दुनियादारी'विषयी (१९८२) फार लिहिण्याचे कारण नाही. कट्ट्यावरील मुलांच्या बोलण्यात शिवी आणि सलगी यांतील अंतर कसे पुसले जाते हे तिने टिपले आणि म्हणूनच दोन पिढ्यांच्या तरुणांनी ती वाचली. पुरुषांच्या मैत्रीची भाषा तिच्यात जेवढी जिवंत आहे तेवढी प्रेमाची भाषा नाही. समीक्षेने तिच्यावर मौन पाळले नसते तर हे लेखकाला त्याच्या हयातीतच कोणीतरी सांगितले असते.

गौरी देशपांडे यांच्या कथांनी वेगळाच पेच उभा केला. त्यांच्या 'तेरुओ'मध्ये नायिका मराठी आणि तेरुओ जपानी. ही दोघे परस्परांशी मराठीत बोलत असणे शक्य नाही. ज्या भाषेत बोलत असतील ती भाषा वाचकाला दिसत नाही. तरीही कागदावर त्यांना मराठीत बोलावे लागते आणि लेखिकेला दर वाक्याला सर्वनामाची निवड करावी लागते. म्हणजे पात्रांनी न केलेली निवड निवेदन करते. हा दोष नाही. उलट परक्या पुरुषाला आपल्या भाषेत आणण्याची ती कृती हाच प्रणयाचा एक भाग होतो. देशपांडे यांच्या नायिकांच्या स्वातंत्र्याविषयी चर्चा करणाऱ्या प्रबंधांनी या भाषांतराकडे पाहिले असते तर ते स्वातंत्र्य वाक्यावाक्यातून कसे कमावले जाते हे दाखविता आले असते.

अलीकडच्या ग्रंथांपैकी या बाबतीत सर्वांत लक्षणीय म्हणजे सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्ल्यू' (२००६). घरात भाड्याने राहावयास आलेल्या एका तरुणावर भाऊ आणि बहीण, तनय आणि अनुजा, दोघेही प्रेम करतात. तो अनुजासह निघून जातो आणि पुढे तिलाही सोडतो. सारांश एवढाच, आणि या सारांशावरून तिची गणना 'धाडसी विषयाची कादंबरी' अशी करण्यात आली. विषय धाडसी आहे यात वाद नाही. पण तिचे खरे बळ पुरुषव्यवस्थेत आहे, 'पुरुष' हा शब्द येथे व्याकरणातील अर्थाने घ्यावयाचा. तनयचे निवेदन त्या निघून गेलेल्या तरुणाला उद्देशून आहे; तेथे तो 'तू' आहे. अनुजाचा भाग दैनंदिनीच्या रूपाने आहे. तेथे तो 'तो' आहे. एकच माणूस एकाला द्वितीय पुरुषात मिळतो आणि दुसरीला तृतीय पुरुषात. ज्याला तो सोडून गेला हे उघडपणे सांगताही येत नाही त्या भावाच्या ओठी संबोधनाचे सर्वनाम, आणि जी त्याच्याबरोबर जगजाहीरपणे गेली तिच्या लेखणीला अनुपस्थिताचे. यापेक्षा निराळी वाटणी केली असती तर कादंबरी कोसळली असती. त्यातही त्या तरुणाला कादंबरीत नाव दिलेले नाही. नाव नसल्यामुळे सर्व भार सर्वनामावर येतो आणि ते तो पेलते.

मराठी क्रियापदाचे आणखी एक कार्य येथे पाहावयास मिळते. तनय 'मी' म्हणतो आणि 'तू' म्हणतो, आणि भूतकाळी अकर्मक क्रियापद येताच 'गेलो' व 'गेलास' या जातीच्या रूपांनी दोन्ही बाजूंचे पुल्लिंग उघड होते. लेखकाने काही गुपित राखून पुढे स्फोट घडविण्याचे ठरविले असते तरी मराठीने ते राखू दिले नसते. जे समाजात बोलावयाचे नाही ते भाषा पहिल्या काही ओळींतच, कसलाही आविर्भाव न करता, सांगून टाकते. आणि ज्या निवेदकाला घरात ते सांगता येत नाही त्याला व्याकरणाच्या या मोकळेपणात राहता येते. जेरी पिंटो यांनी केलेले या कादंबरीचे इंग्रजी भाषांतर २०१३ मध्ये निघाले. इंग्रजीत 'आय' आणि 'यू' यांना लिंग नाही, क्रियापदालाही नाही. तेथे वाचकाला ही गोष्ट तनय या नावावरून आणि संदर्भावरून समजून घ्यावी लागते. भाषांतरकाराचा यात काही दोष नाही. पण मराठी आणि इंग्रजी वाचक दोन भिन्न वेगांच्या कादंबऱ्या वाचतात, ही गोष्ट मराठी परीक्षणात नमूद व्हावयास हवी होती. 'भाषा तरल आहे' असे म्हणून ती नमूद होत नाही.

मुद्रित ग्रंथांच्या बाहेर जी नवी प्रणयकथा वाढते आहे तिचाही विचार ओघाने येतो. २०१४ साली बंगळूर येथे सुरू झालेल्या 'प्रतिलिपी'सारख्या उपक्रमांतून मराठीत क्रमशः कथा मोठ्या प्रमाणावर लिहिल्या जातात. त्यांचे लेखन घाईचे असते, पुनरुक्ती पुष्कळ असते, आणि रोजच्या भागाच्या शेवटी उत्कंठा टांगून ठेवण्याची सक्तीही असते. हे सर्व मान्य करूनही एक गोष्ट भाषाभ्यासकाच्या नजरेतून सुटू नये. ठरवून झालेल्या विवाहानंतर हळूहळू जमणारे प्रेम, हा या कथांचा एक आवडता साचा आहे. त्यांतील सुशिक्षित, नोकरी करणारी नायिका नवऱ्याला 'अहो' म्हणते, आणि कधी कधी तर आधी 'तू' म्हणत असलेली लग्नानंतर लाडाने 'अहो'वर येते. जे रूप तिच्या आजीच्या तोंडी सत्तेचे चिन्ह होते ते नातीच्या तोंडी खेळाचे झाले आहे काय? की खेळाच्या मिषाने जुनी सत्ता परत येत आहे? दोन्ही उत्तरे संभवतात, आणि एकाच कथेत एका भागात पहिले व दुसऱ्या भागात दुसरे खरे असू शकते. हे उत्तर कथानकाच्या सारांशातून मिळणार नाही, आणि 'स्त्रीप्रतिमा' या विषयावरील ठरावीक निबंधांतूनही नाही. रागावल्यावर ती नायिका 'अहो' टिकविते की 'तू'वर उतरते, हे ओळीओळीने पाहावे लागेल. भांडणातील सर्वनाम लाडातील सर्वनामापेक्षा अधिक विश्वासू साक्षीदार असते.

यावर एक आक्षेप संभवतो तो असा की, ही कसोटी भाषाशास्त्रज्ञाच्या सोयीची आहे, वाङ्मयाच्या नव्हे. सर्वनामे मोजून कलाकृतीचे मूल्य ठरत नाही. मोजण्याचा प्रश्न मुळातच नाही. 'तू' शंभर वेळा आला की दहा वेळा, याने काही सिद्ध होत नाही. तो एकदाच, चुकून तोंडातून निसटला आणि लगेच 'तुम्ही'ने सावरला, तर तेवढ्यावर सबंध प्रकरण उभे राहू शकते. आणि तो पहिल्या भेटीपासूनच निष्काळजीपणे वापरला असेल तर पुढे कितीही अश्रू ढाळले तरी जवळिकीचे अंतर वाचकाला जाणवत नाही, कारण ओलांडण्यासाठी अंतरच ठेवलेले नसते. हा मूल्यनिर्णयच आहे, आणि तो ग्रंथातील ओळ दाखवून करता येतो. सामाजिक आशयाच्या वजनावरून केलेल्या निर्णयाला तशी ओळ दाखविता येत नाही.

अडचण आहे ती साधनांची. विभागीय ग्रंथालयांनी 'ययाति'च्या व 'शाळे'च्या प्रती ठेवल्या आहेत, काकोडकरांच्या क्वचितच. त्या पिढीच्या लोकप्रिय प्रणयकादंबऱ्या भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांतून फिरल्या. त्या हातोहाती झिजल्या आणि अशी अनेक वाचनालये गेल्या काही दशकांत बंद पडली. अविवाहित तरुण-तरुणींच्या संभाषणातून परस्पर 'तुम्ही' केव्हा व कसा ओसरला, हे ज्याला शोधावयाचे आहे त्याला फडके-खांडेकरांच्या सुरक्षित प्रतींवर भिस्त ठेवून चालणार नाही. ज्या पुस्तकांची पाने लोकांनी खरोखर दुमडली ती पुस्तके त्याला लागतील. क्रमशः कथांची अवस्था तर त्याहून नाजूक आहे, कारण लेखकाने एक भाग दुरुस्त केला की पूर्वीचा पाठ वाचकाच्या दृष्टीपुरता नाहीसा होतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या घरी आई-मावशींनी जपलेल्या अशा कादंबऱ्यांच्या पेट्या असतील त्यांनी त्या रद्दीत जाण्यापूर्वी विभागाकडे आणाव्यात. मुखपृष्ठ फाटलेले असले तरी चालेल. संवादांची पाने शाबूत असावीत.